गेरूची रेघ

मुलांनो, भिंतीलाही तहान लागते, हे तुम्हाला कधी कुणी सांगितलंय का? नसेल सांगितलं, तर ही गोष्ट ऐका.

फार वर्षांपूर्वी एका उंच डोंगराच्या माथ्यावर वीस उंबऱ्यांचं एक गाव होतं. पावसाळ्यात तिथं ढग अंगणात उतरायचे, आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी नसायचं. सगळं पाणी उताराने खाली पळून जायचं. गावाला एकच झरा होता. वैशाखात त्याची धार करंगळीएवढी व्हायची, मग घरटी दिवसाला चार घागरी, अशी पाळी लागायची. म्हणून त्या गावात बहुतेक घरांना जमिनीत खोदलेली, चुन्याने बांधलेली टाकी होती. छपरावरचं पाणी पन्हळीतून टाकीत उतरवायचं, वर झाकण घालायचं, आणि उन्हाळ्यात ते जपून वापरायचं.

या गावात हौसाबाई नावाची एक बाई एकटीच राहायची. नवरा लवकर गेला होता, आणि एकुलती लेक मंजुळा डोंगराखालच्या गावात दिली होती. हौसाबाईच्या घराला टाकी नव्हती. आजवर तिचं झऱ्यावर भागलं होतं.

चैत्रात ती लेकीला भेटायला गेली, तेव्हा मंजुळाच्या सासूने तिला पाटावर बसवलं, सरबत दिलं आणि मग हळूच विषय काढला.

"विहीणबाई, राग मानू नका. उद्या मंजुळाला दिवस गेले, तर पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला मान्य आहे. पण बाळंतिणीला दोन वेळचं न्हाणं लागतं, बाळाची दुपटी धुवायची असतात. तुमच्याकडे टाकी नाही. टाकी झाल्याशिवाय मी मंजुळाला वर पाठवायची नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

"होईल की टाकी," हौसाबाई म्हणाली. पण डोंगर चढताना तिच्या मनात एकच विचार घोळत होता. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातून झालं नाही, तर आई म्हणून आपण काय केलं?

दुसऱ्याच दिवशी तिने गावच्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. गावातली एकूण एक टाकी याच गवंडीबाबांच्या हातची होती.

"बाबा, पाटलांच्या टाकीएवढी बांधा," हौसाबाई म्हणाली.

गवंडीबाबांनी टाकीची जागा बघितलीच नाही. ते मागे सरकले आणि काठीने तिचं छप्पर मोजायला लागले. "पाटलांचं छप्पर पण आणणार आहेस का?" ते म्हणाले. "अगं, टाकी शेजाऱ्याची बघून बांधायची नसते, आपलं छप्पर बघून बांधायची असते. मोठी बांधलीस तर अर्धी कोरडी राहील, आणि चुना कोरडा राहिला की तडकतो. तुला चार हात लांब, चार हात रुंद आणि दीड पुरुष खोल पुष्कळ झाली."

मग त्यांनी जागा ठरवली. चिंचेपासून लांब, कारण मुळं भिंतीत शिरतात. गोठ्याच्या वरच्या अंगाला, कारण गोठ्याचं पाणी टाकीत झिरपायला नको. खड्डा खणला गेला, दगड बसले. चुना बैलाच्या घाण्यात दळला, त्यात गुळाचं पाणी पडलं, आणि आतून गिलावा झाला, हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत.

जाताना गवंडीबाबा म्हणाले, "माझं काम झालं. आता तुझं. या भिंतीला एकवीस दिवस पाणी पाज. सकाळी दोन घागरी, संध्याकाळी दोन. ओली पोती लावून ठेव. ती पिऊन पिऊन घट्ट होते. तहानलेली राहिली, तर आत केसाएवढ्या चिरा पडतात. त्या डोळ्याला दिसत नाहीत, पण पाण्याला दिसतात."

"चार घागरी? बाबा, मला मिळतात त्याच चार!"

"शेजारी माग. टाकीसाठी कुणी नाही म्हणत नाही. मीही एक देईन."

हौसाबाईने मान डोलावली, पण मागायला काही ती गेली नाही. भर वैशाखात दुसऱ्याच्या तोंडचं पाणी, आणि तेही भिंतीसाठी, कोणत्या तोंडाने मागायचं? जन्मभर तिने तांदूळ धुतलेलं पाणी गाईला आणि भांडी विसळलेलं पाणी तुळशीला घातलं होतं. एक थेंब सांडला तरी तिचा जीव हळहळायचा.

पहिले पाच दिवस तिने कसंबसं निभावलं. स्वतः तहान मारून भिंतीवर पाणी ओतलं. भिंत घटाघटा प्यायची, आणि घटकाभरात पुन्हा पांढरीफटक! सहाव्या दिवशी तिने दोनच घागरी ओतल्या. आठव्या दिवशी एक. त्यानंतर ती हाताने नुसतं शिंपडायला लागली. 'बाबांनी एकवीस सांगितले, म्हणजे पंधरा पुरत असतील,' असं तिने मनाला समजावलं. शेवटी तर वर तोंडाजवळची हातभर भिंत तेवढी ती ओली ठेवायची, कारण गवंडीबाबा येता-जाता तिथूनच डोकावायचे.

"पाणी पाजतेस ना गं?" ते गुडघ्यावर हात टेकून विचारायचे.

"पाजते की, बाबा."

"शाबास."

ते 'शाबास' तिला रोज टोचायचं. पण बोलायचं राहून जायचं.

आषाढात पाऊस कोसळला. पन्हळीतून धो धो पाणी आलं आणि श्रावण लागायच्या आत टाकी काठोकाठ भरली. हौसाबाई दिवसातून दहादा झाकण उचलून बघायची. त्याच सुमाराला निरोप आला, की मंजुळाला दिवस गेले आहेत आणि फाल्गुनात बाळ येईल. हौसाबाईने घरात साखर वाटली. वाटता वाटता तिचं लक्ष टाकीकडेच होतं.

आता, त्या गावात एक रीत होती. नवी टाकी पहिल्यांदा भरली, की भाद्रपदातली उघडीप बघून पन्हळ काढून ठेवायची. मग घरच्या बाईने पाण्याच्या काठाला लागून आतल्या भिंतीवर गेरूची रेघ ओढायची आणि झाकण घालायचं. चौथ्या दिवशी गाव जमायचं आणि झाकण उघडायचं. पाणी रेघेला टेकलेलं असेल, तर टाकी पक्की. खाली गेलेलं असेल, तर गळकी. याला म्हणायचे रेघ बघणं. रेघ उघडी पडली, तर त्या गवंड्याला पुन्हा कुणी काम देत नसे.

हौसाबाईने रेघ ओढली आणि रेघ बघायला विहीणबाईंना बोलावणं धाडलं.

दुसऱ्या दिवशी तिला राहवेना. तिने झाकण उचललं. रेघेखाली बोटभर भिंत ओली दिसत होती. 'माझीच रेघ वर गेली असेल,' ती पुटपुटली. तिसऱ्या दिवशी दोन बोटं. चौथ्या दिवशी सकाळी तीन.

ती टाकीच्या काठावर बसली. दिवसाला एक बोट. तिने बोटांवर महिने मोजले. मंजुळा माघात येईल, तेव्हा टाकीच्या तळाशी फक्त गाळ असेल.

पण हे कळणार कुणाला? विहीणबाई येतील, रेघ बघतील, जेवतील, जातील. पुढचं पुढे. हौसाबाईने ओलं फडकं घेतलं आणि जुनी रेघ पुसली. गेरूत बोट बुडवून नवी रेघ ओढली, पाण्याला अगदी चिकटून. मग तिने हात तीनदा धुतले. तरी नखात तांबडं राहिलंच.

दुपारी गाव जमलं. विहीणबाई खालून चढून आल्या. गवंडीबाबा स्वच्छ धुतलेलं पागोटं घालून आले. झाकण उघडलं. सगळ्यांनी वाकून पाहिलं.

"टेकलंय गं बाई, टेकलंय!" पलीकडची काकू ओरडली. "हौसे, आता तुझ्या दारात आम्ही पाणी मागायला यायचं बरं का!"

"ये, ये. पण घागर धुऊन आण, तुझ्या घागरीला ताकाचा वास येतो," दुसरी म्हणाली, आणि सगळे हसले.

गवंडीबाबांनी पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले. "हात थरथरतात आता. मला वाटलं होतं, या वेळी काम कच्चं राहतंय की काय."

हौसाबाईला हसू येईना. तिला पाण्याचा आवाज ऐकू येत होता, कुणालाच ऐकू येत नव्हता असा, थेंब थेंब मातीत मुरणारा.

विहीणबाईंनी तिचा हात हातात घेतला. "विहीणबाई, मला पाण्यातलं काही कळत नाही. रेघ काय, मी बघितली. पण मी तुम्हाला विचारते, आई म्हणून सांगा. लेकीला आणि बाळाला हे पाणी पुरेल ना? तुम्ही हो म्हणालात, की मी माघात तिला आणून सोडते."

हौसाबाईने तोंड उघडलं. 'हो' एवढंच तर म्हणायचं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे चैत्रातलं ऊन आलं, कोरडा रांजण आला आणि न्हाऊ न घातलेलं बाळ आलं.

"नाही," ती म्हणाली. "पुरणार नाही. रेघ खोटी आहे. मी सकाळी पुसून पुन्हा ओढली. टाकी गळते."

मग सगळ्यांच्या माना गवंडीबाबांकडे वळल्या. म्हातारा उभ्या जागी वाकल्यासारखा झाला. "माझंच चुकलं असेल," ते हळू आवाजात म्हणाले. "वय झालं. चुना कमी घोटला असेन."

"नाही हो बाबा!" हौसाबाईला रडू फुटलं. "तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही एकवीस दिवस सांगितले, मी पाच दिवस पाणी पाजलं. तुम्ही डोकावायचात तेवढीच भिंत मी ओली ठेवायची. भिंतीला पाणी घालायला माझा जीवच होईना."

"अगं मग आमच्याकडे मागायचं होतंस!" काकू म्हणाली. "तोंडाला काय कुलूप लावलं होतं?"

विहीणबाईंनी हात सोडला होता. त्यांचा चेहरा कडक झाला होता. "म्हणजे मी विचारलं नसतं, तर मंजुळा या टाकीच्या भरवशावर इथं आली असती," त्या म्हणाल्या.

"आली असती," हौसाबाई म्हणाली. खाली मान घालून ती उभी राहिली.

विहीणबाई गवंडीबाबांकडे वळल्या. "दुरुस्त होईल का?"

"होईल. पण टाकी रिकामी करावी लागेल, तळापर्यंत. मग चिरा शोधायच्या, भरायच्या आणि एकवीस दिवस पाणी पाजायचं. हस्ताचा पाऊस अजून यायचाय. तो पडला, तर टाकी पुन्हा भरेल."

"आणि नाही पडला तर?"

"तर मग हातचं हेही गेलं."

हौसाबाईने टाकीकडे पाहिलं. काठोकाठ पाणी, त्यात आभाळाचा तुकडा. राहू दिलं तर निदान पौषापर्यंत पुरेल. उपसलं तर कदाचित काहीच उरणार नाही. ज्या बाईने जन्मात थेंब सांडला नव्हता, तिला अख्खी टाकी उपसायची होती.

"उपसा," ती म्हणाली. "आणि बाबा, या वेळी रोज खाली उतरून भिंतीला हात लावून बघा. माझ्या शब्दावर राहू नका."

"हस्तानंतर मी पुन्हा येईन," विहीणबाई म्हणाल्या. "नवी रेघ माझ्यासमोर ओढा. पाणी टेकलेलं राहिलं, तर मंजुळा तुमची. नाही राहिलं, तर बाळंतपण माझ्याकडे करू, आणि त्यासाठी तुम्ही खाली राहायला या. पण आज जसं खरं सांगितलंत, तसंच तेव्हाही सांगा. बाकी मला काही नको." त्या दिवशी खाली न उतरता त्या हौसाबाईकडेच मुक्कामाला राहिल्या.

तात्पर्य काय, तर आपल्या हातून काम कच्चं राहिलं, तर ते वेळेत सांगून टाकावं. सांगितलेली चूक चार हात मिळून दुरुस्त करतात; झाकलेली चूक आतल्या आत गळत राहते, आणि तिचा त्रास आपल्याच माणसांना होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या बाकी सगळ्या घरच्या बायका रिकामे हंडे आणि घागरी घेऊन हौसाबाईच्या दारात आल्या. आपापल्या टाक्यांना हात न लावता आधी इथलंच पाणी भरून नेऊन वापरायचं, आणि वाचलेलं पाणी हौसाबाईच्या भिंतीला आणि गरज पडली तर तिच्या घराला द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. विहीणबाईंनी पदर खोचून पहिला पोहरा ओढला, आणि संध्याकाळी गवंडीबाबा शिडी लावून कोरड्या टाकीत उतरले.