सुपडूने बुजवलेला झरोका

सातपुड्याच्या उंच पठारावर एका लहानशा गावात सुपडू नावाचा दूधवाला राहत होता. रोज पहाटे सायकलला दुधाच्या किटल्या अडकवायच्या आणि घाट उतरून बाजाराच्या गावी दूध पोचवायचे, हा त्याचा धंदा. माणूस कष्टाळू होता, पण थंडीला फार भ्यायचा. भिणारच बिचारा. त्याचे वडीलही हेच काम करत आणि एका हिवाळ्यात घाटातच गारठून गेले होते.

त्या गावचा हिवाळा साधा नसे. गवतावरचे दव गोठून पांढरे होई. लोक रात्री घरात निखाऱ्यांची शेगडी ठेवत, पण छपराखालचा झरोका कधी बंद करत नसत. ती वाडवडिलांची रीत होती. ती का, असे कोणी विचारत नसे.

त्या वर्षी थंडीने कहर केला. गोठ्यांतली वासरे दगावली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसे सुपडूला प्रत्येक फटीतून मरण आत येताना दिसू लागले. आपले काय व्हायचे ते होवो, पण बायको देवका आणि लहानगी सोनी यांना वारा लागू नये, एवढेच त्याच्या मनात. त्याने खिडकीला पोती ठोकली, दाराच्या फटींत चिंध्या भरल्या आणि शेवटी शेणमातीचा गोळा घेऊन झरोकाही लिंपून टाकला.

शेजारच्या भागामावशीने ते पाहिले. ती म्हणाली, "सुपडू, झरोका मोकळा कर. माणसासारखा घरालाही श्वास लागतो."

"मावशी, त्यातूनच तर थंडी आत येते," असे म्हणून सुपडू हात धुवायला गेला.

त्या रात्री घर छान उबदार झाले. पहाटे सुपडू उठला तेव्हा त्याचे डोके जड झाले होते, पोटात मळमळत होते. थंडी बाधली, असे त्याला वाटले. देवकाही अंथरुणातून पुटपुटली, की डोके फार दुखते आहे, उठवत नाही. त्याने दोघींवर आणखी एक गोधडी घातली, शेगडीत मूठभर कोळसे वाढवले आणि बाहेर पडताच दार ओढून उंबऱ्याशी पोते दाबले.

घाटात वारा सुईसारखा टोचत होता. सदऱ्याच्या आत वर्तमानपत्रे कोंबली होती, तरी दात वाजत होते. बोटे इतकी बधिर झाली, की ब्रेक दाबला की नाही तेच कळेना. एका वळणावर सायकल दरीच्या दिशेने घसरली. त्याने पाय घासत ती कशीबशी थांबवली आणि दगडाला धरून तो धापा टाकत राहिला. तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की डोके आता मुळीच दुखत नाही. या जीवघेण्या थंडीत ते उतरले होते. मग घरात ते चढले कशाने?

भागामावशीचे शब्द आठवले, बंद घरात धुमसणारी शेगडी डोळ्यांपुढे आली आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले. किटल्या तिथेच टाकून तो मागे फिरला. उतरताना छोटा वाटणारा घाट चढताना संपेना. पाय गळून गेले, तरी तो सोनीचे नाव घेत सायकल रेटत राहिला.

त्याने दार ढकलले. देवका उंबऱ्यापर्यंत सरपटत येऊन पडली होती आणि विव्हळत होती. अंथरुणातली सोनी मात्र हलत नव्हती. त्याने तिला उचलून उघड्या अंगणात आणले. त्याची हाक ऐकून धावत आलेल्या भागामावशीने देवकाला बाहेर ओढले. सोनीचे डोळे मिटलेलेच. सुपडू तिचे गाल चोळत होता, तिला हाका मारत होता, आणि त्याला स्वतःचाच आवाज ओळखू येत नव्हता.

बऱ्याच वेळाने पोरीची छाती हलली. तिने एक लांब श्वास घेतला आणि भोकाड पसरले. मावशी लगबगीने घोंगडी घेऊन आली आणि पोरीचे तोंड-डोके झाकू लागली. सुपडूने मावशीचा हात धरला.

"राहू दे, मावशी," तो रडत म्हणाला. "वारा लागू दे तिला."

तात्पर्य: संकटापासून जीव जरूर जपावा, पण भीतीच्या भरात जगण्याची वाटच बुजवून टाकू नये.