‘दीड फौजदार’ आणि वाळूतला अभिप्राय

‘…पण मग या बेचाळीस जणांतला खरं बोलणारा कोणता?’

दस्तगीरचाचांचे दोन्ही हात गुंतले होते. ते तंबूची कनात गुंडाळून वर बांधत होते. सकाळचं ऊन हळूहळू आत सरकत होतं.

मकरंद सबनीसने वही आणखी पुढे धरली.

‘चाचा, मला बारा वाजेपर्यंत मजकूर द्यायचाय.’

‘आता किती वाजले?’

‘नऊ.’

‘मग गाठ नीट बसू दे.’

मकरंद गप्प बसला. गप्प बसणं त्याच्या अंगवळणी नव्हतं. जिल्ह्याच्या दैनिकात तो दर शुक्रवारी चित्रपटाचं परीक्षण लिहीत असे, आणि शुक्रवार ते गुरुवार त्याबद्दल बोलत असे.

अलीकडे मात्र त्याचे दिवस फिरले होते. त्याने ज्याला साडेचार तारे दिले तो चित्रपट दोन दिवसांत उतरला. ज्या दोन चित्रपटांची त्याने सालटी काढली ते पाच-पाच आठवडे चालले. तेव्हा संपादक कानिटकरांनी त्याला बोलावून शांतपणे सांगितलं, ‘सबनीस, या वेळी लोकांना काय वाटलं ते लिहा. तेही जमलं नाही, तर पुढच्या शुक्रवारपासून तो रकाना ज्योतिषीबुवांना देऊ. चार वर्षं मागतायत बिचारे. आणि त्यांचं अधूनमधून बरोबर येतं.’

हे शेवटचं वाक्य मकरंदला फार लागलं होतं.

म्हणून तो वाघजाईच्या जत्रेला आला होता. जत्रा नदीच्या कोरड्या पात्रात भरायची, आणि तिथे दरसाल गुलमोहर टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. दस्तगीर शिकलगार त्या तंबूत एकेचाळीस वर्षं मशीन चालवत होते. पहिला खेळ सुटला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते सांगत, हा पिक्चर किती दिवस ओढेल. ते चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. शहरातले थिएटरवाले त्यांना न्यायला जीप पाठवत. चाचा जात नसत.

‘तुमच्यात फरशी हाय,’ एवढंच म्हणत.

याचा अर्थ कुणाला कळला नव्हता. मकरंदने मात्र त्यावर एक लेख लिहिला होता.

काल तंबूत ‘दीड फौजदार’चा पहिला खेळ झाला. एक फौजदार उंच, सरळमार्गी, निवृत्तीला दोन महिने राहिलेला. दुसरा बुटका, उचापती, निलंबनातून नुकताच परत आलेला. दोघांचं क्षणभर पटत नाही. चोरांची टोळी राजघराण्याचा हिरा पळवते, आणि तो परत आणायला या दोघांनाच चोरांच्या तिजोरीवर दरोडा घालावा लागतो. मध्ये तीन पाठलाग, एक हेलिकॉप्टर, आणि उसाने भरलेला एक ट्रॅक्टर.

मकरंदने मध्यंतरालाच ठरवून टाकलं होतं. दीड फौजदार, म्हणून दीड तारा. हा विनोद सुचल्यावर त्याने चित्रपटाचा आणखी विचार केला नव्हता.

खेळ सुटल्यावर तो दाराशी उभा राहिला आणि त्याने बेचाळीस माणसांची मतं लिहून घेतली. पंचाईत तिथून सुरू झाली.

चाचांची गाठ बसली. ते वळले.

‘वाच बघू.’

मकरंदने घसा साफ केला. ‘बंदोबस्तावरचे हवालदार, घोरपडे. म्हणतात, साफ खोटा पिक्चर. आम्हाला दोघांत मिळून एक मोटारसायकल आहे, तीही उतारावर चालू होते.’

‘हं.’

‘सराफ, पोतदार. म्हणतात, तिजोरी उघडायला अकरा मिनिटं? आमच्या दुकानातली चोरांनी चार मिनिटांत उघडली होती.’

‘त्यांचा अभिमान हाय तो. पुढं.’

‘बांगडीवाल्या शेवंताबाई. हिरा गेला खड्ड्यात, धाकट्या फौजदाराचं लग्न लावायला पाहिजे होतं म्हणाल्या. एक जण म्हणाला, गाणी फार आहेत. चाचा, चित्रपटात एकही गाणं नाही.’

‘भाईर पाळण्यावर लागली हुती. त्यानं तीबी पिक्चरमधी धरली.’

‘मग हे दोघे भाऊ, केरबा आणि ज्ञानू लोखंडे. थोरला म्हणाला, बरा आहे. धाकटा म्हणाला, त्यानं काय सांगितलं ते आधी सांगा, मग मी सांगतो.’

‘सांगितलंस?’

‘सांगितलं. मग हा म्हणाला, भिकार आहे.’

चाचा गालात हसले.

‘एकाचा दुसऱ्याला मेळ नाही,’ मकरंद म्हणाला. ‘सतरा चांगला म्हणतात, सोळा वाईट. नऊ जणांनी मलाच विचारलं, तुम्हाला कसा वाटला. आता यातून लोकांना काय वाटलं ते मी कसं काढू?’

‘लोकांस्नी कुटं विचारलंस?’

‘दाराशी.’

‘दाराशी माणूस उभा ऱ्हातो,’ चाचा म्हणाले. ‘पिक्चर बसून बघत्यात.’

…

ते आत निघाले. मकरंद मागोमाग गेला.

तंबूत वाळू होती. नदीचीच वाळू, जशी होती तशी. मधोमध एक दोर ताणलेला, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. लोक चपला काढून वाळूत बसत, पुढचा उंच असला तर ओंजळी-ओंजळीने वाळू ओढून आपल्या बुडाखाली ढीग करत आणि त्यावर बसत. खेळ सुटला की उठून जात. त्यांचं बसणं मागे राही.

चाचा एका ठिकाणी थांबले. बांबूला लागून एक मोठा खळगा होता. त्याच्या पुढे हातभर अंतरावर दुसरा. त्याच्या पुढे तिसरा. शेजारी काठी आडवी ठेवल्याची रेघ, ती मात्र पहिल्याच खळग्यापाशी.

‘हे घोरपडे हवालदार. मी केबिनच्या भोकातनं बघत हुतो. बांबूला टेकून बसलं.’

‘मग हे बाकीचे दोन खळगे कुणाचे?’

‘त्यांचंच.’

मकरंदने तिन्ही खळग्यांकडे पाहिलं. साफ खोटा पिक्चर पाहायला हवालदार काठी मागे टाकून दोन हात पुढे सरकला होता.

चाचा पुढे गेले. एका जागी शेंगांच्या टरफलांचा ढीग होता, आणि त्याला लागून मूठभर न सोललेल्या शेंगा, पायाखाली दबलेल्या.

‘पोतदार सराफ. हितपातूर खाल्लं. हितनं तिजोरी सुरू झाली.’

‘अकरा मिनिटं,’ मकरंद पुटपुटला.

‘त्यांस्नी कमी पडली असत्याल.’

दोराच्या अलीकडे, मागच्या बाजूला, दोन जागा होत्या. दोन्हींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी वाळू सपाट राहिलेली. पण त्याच दोन जागांपासून घसरत गेल्याच्या खुणा होत्या, या बाजूची तिकडे, त्या बाजूची इकडे. आणि शेवटी दोघांच्या मध्ये टरफलांचा एकच ढीग.

‘लोखंडे बंधू,’ चाचा म्हणाले. ‘बांधावरनं सहा वर्सं बोलत न्हाईत. कालबी बोललं न्हाईत.’

‘पण शेंगा…’

‘शेंगा थोरल्यानं आणल्या हुत्या.’

मकरंदने वही मिटली. त्याचे डोळे चमकायला लागले होते. हे त्याला जमण्यासारखं होतं. ‘दाराशी माणूस उभा राहतो’ हे वाक्य त्याने मनातल्या मनात स्वतःच्या नावावर चढवलंसुद्धा.

‘चाचा, पुढचं मला वाचू द्या.’

‘वाच की.’

चाचांनी त्याला पुढे नेलं आणि तिसऱ्या रांगेच्या कडेला एका जागेकडे बोट केलं.

मकरंद उकिडवा बसला. अभ्यासू चेहरा केला. वाळूत टाचांचे दोन खड्डे होते, चांगले वीतभर खोल. टाचा रोवून पुढे दाबल्यासारखी वाळू पुढे उसळलेली. मागे बसण्याची जागा सरकून सरकून लांबट झालेली. उजवीकडे पाच बोटांनी वाळू मुठीत धरल्याची खूण.

‘सोपं आहे,’ तो म्हणाला. ‘हा पाठलागाच्या वेळी ब्रेक लावत होता. ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा. जणू जीप याच्याच पायाने थांबणार होती.’

‘हं.’

‘असा प्रेक्षक मला चांगला ठाऊक आहे. भाबडा. डोकं घरी ठेवून येतो आणि पडद्यावरचं सगळं खरं मानतो. माझ्या वाचकांतला नव्हे.’

‘न्हाई म्हणतोस?’

‘पैजेवर सांगतो. माझा लेख वाचणारा माणूस असा बसणार नाही. कोण होता हा?’

चाचा खाली वाकले. त्यांनी मकरंदच्या डाव्या घोट्याला अलगद धरलं, जसं नालबंद बैलाचा पाय उचलतो, आणि त्याची टाच डाव्या खड्ड्यात ठेवली.

टाच बसली. सँडलच्या टाचेची एक कड झिजलेली होती. खड्ड्याचीही एक कड तशीच होती.

…

मकरंदने पाय काढला नाही.

बाहेर पाळणा सुरू झाला. कुणीतरी नारळ फोडत होतं.

‘पाहुण्यांची खुर्ची मोडकी होती,’ तो म्हणाला. ‘म्हणून मी खाली बसलो.’

‘व्हय. मीच सांगितलं मोडकी हाय म्हणून.’

‘चाचा, हे आपोआप होतं. त्याला मत म्हणत नाहीत. पाय दचकतो. त्यात विचार नसतो.’

‘बरं.’

‘मी वहीत त्याच वेळी लिहिलंय, हे पाहा. “पाठलाग कंटाळवाणा.”’

चाचांनी वहीत पाहिलं. त्यांना वाचता येत होतं, पण ते अक्षर कुणालाच लागलं नसतं. ‘कंटाळवाणा’मधला ‘वाणा’ ओळ सोडून पानाच्या कोपऱ्यापर्यंत घसरत गेला होता.

‘ट्रॅक्टर आला वाटतं,’ चाचा म्हणाले.

मकरंदला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांद्यांतून. तो वाळूत बसला, आपल्याच जागेवर, आणि पोट धरून हसला. चाचा त्याच्याकडे सौम्यपणे बघत राहिले. मशीनचा पट्टा नीट फिरायला लागला की ते असंच बघत.

हसणं ओसरल्यावर मकरंदने वहीचं कोरं पान काढलं आणि तिथेच बसून लिहायला घेतलं. एरवी एका परीक्षणाला त्याला तीन तास लागत, त्यातला दीड तास इतर लोक कसे चुकले हे लिहिण्यात जाई. आज अर्ध्या तासात झालं. हवालदार कुठवर सरकले, सराफाच्या शेंगा कुठे थांबल्या, दोन भावांनी एक ढीग कसा केला. आणि शेवटी, आपण ‘कंटाळवाणा’ लिहीत असताना आपली टाच काय करत होती.

त्याने कानिटकरांना फोन लावून सगळं वाचून दाखवलं.

पलीकडे खुर्ची करकरली.

‘सबनीस, हे तुम्ही लिहिलंत?’

‘हो.’

‘तब्येत बरी आहे ना?’

‘आहे.’

‘तारे किती?’

‘दिले नाहीत.’

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. मग कानिटकर म्हणाले, ‘छापतो. रकाना तुमच्याकडेच राहू दे. ज्योतिषीबुवांना कळवायला हवं… का त्यांना आधीच कळलं असेल कोण जाणे.’

मकरंदने फोन खिशात ठेवला. छाती दोन बोटं पुढे आली.

‘चाचा, ठेवला रकाना! आणि आता बघा, हा लेख गाजणार. आजवर कुठल्या परीक्षकाने स्वतःची टाच अशी चव्हाट्यावर मांडलीय? सांगा तुम्हीच. याला छाती लागते.’

‘लागत असंल.’

‘या खड्ड्यांचा फोटो घेऊन ठेवतो. लेखाच्या मधोमध छापू. खाली ओळ, “परीक्षकाचा प्रामाणिकपणा.”’

त्याने फोटो घेतला. उन्हाच्या बाजूने एक घेतला. सावली चुकवून आणखी एक घेतला.

चाचा तोवर कनातीमागे जाऊन लाकडी दाताळं घेऊन आले होते. ते त्यांनी मकरंदच्या हातात दिलं.

‘काय करू?’

‘वाळू सारखी कर.’

‘सगळी?’

‘सगळी.’

मकरंद उठला. त्याला वाटलं, आपली शिकवणी आता खरी सुरू झाली. त्याने बाह्या सरसावल्या. लोखंडे बंधूंचा ढीग उपसला, वाळू ओढली. सराफाच्या शेंगा गेल्या. हवालदारांचे तिन्ही खळगे एका फटक्यात गेले. दोरापलीकडे कुठेतरी शेवंताबाई बसल्या होत्या, तेही गेलं. तो ओळीने मागून पुढे येत होता आणि त्याच्यामागे वाळू कोऱ्या कागदासारखी पसरत होती.

तिसऱ्या रांगेच्या कडेला तो थांबला.

क्षणभर त्याने खाली पाहिलं. मग दाताळं उचललं, त्या दोन खड्ड्यांना जपून वळसा घातला, आणि पलीकडून पुन्हा ओढायला लागला.

शेवटची रांग झाली. घाम पुसत तो चाचांजवळ आला.

‘झालं.’

चाचांनी सगळ्या तंबूभर नजर फिरवली. सपाट, लख्ख वाळू. आणि मध्ये दोन टाचा.

‘ते राहू दिलं,’ मकरंद जरा संकोचून म्हणाला. ‘म्हटलं… आठवण.’

चाचांनी त्याच्या हातातलं दाताळं घेतलं नाही.

‘मकरंदराव,’ ते म्हणाले, ‘सांजच्याला तितंबी कुणीतरी बसणार हाय.’