बिनघडाची फूट

एका गावात एक भोळा जावई होता, हौशीराम. इतका भोळा, की "जरा थांब" म्हटलं तर दुसरा कुणी "चल" म्हणेपर्यंत हलायचा नाही.

त्याची बायको वैजू माहेरी जाऊन बसली होती. हा न्यायला गेला. सासरे म्हणाले, "जावईबापू, आधी द्राक्षाच्या बागेत हात चालवून दाखवा. हंगाम नीट निघाला की न्या तिला."

हौश्याला वैजू पायजेच होती. घरी रोज भाकरी करपत होती.

"वेलींवर कोवळ्या फुटी लई दाटल्यात," सासरे म्हणाले. "निम्म्या मोडा. ऊन लागलं की उरलेल्या फोफावतात, घड टपोरे होतात."

हौश्यानं बांधापासून सुरुवात केली. अर्धी बाग पार बोडकी. उरलेल्या अर्धीला बोटसुद्धा लावलं नाही.

"हे काय केलं?"

"निम्म्या मोडल्या, मामा."

सासऱ्यांनी कपाळ धरलं. "अहो, एका बाजूनं नसतं मोडायचं! एक ठेवायची, एक काढायची!"

"असं होय!" हौश्यानं डोक्यात पक्कं बसवलं.

दुपारी सासूबाई म्हणाल्या, "कामाच्या बाया जेवायला बसल्यात, तेवढं वाढा."

हौश्यानं वाढलं. एकीला भाकरी, शेजारची उपाशी. पुढच्या एकीला भाकरी, तिच्या शेजारची उपाशी.

"ओ दाजी, आमचं काय?"

"तुम्ही काढलेल्या. आता ह्या बघा कशा फोफावतात!"

उपाशी बायांनी खुरपी उचलली. हौश्या वेलीमागं.

सासरे ओरडले, "घड बघा, घड! घड असंल ते ठेवायचं, रिकामं असंल ते काढायचं. बाकी काही डोक्यात घेऊ नका!"

मग राहिलेली अर्धी बाग वैजूनंच पदर खोचून विरळ केली. हंगामात घड असे टपोरे धरले, की सासरे म्हणाले, "न्या तिला. आजच न्या. दोघंही जा."

जीप आली. दोघं बसली. मागं द्राक्षाचे क्रेट. वैजूच्या मांडीवर द्राक्षाची पाटी. शेजारच्या म्हातारीच्या पिशवीतही द्राक्षं.

ड्रायव्हर म्हणाला, "लई दाटी झाली. एक जण उतरा, गाडी चढ चढायची नाही."

हौश्यानं डोळे उघडे ठेवून बघितलं. क्रेटात घड. पाटीत घड. पिशवीत घड. मग स्वतःचे हात बघितले.

सासरे ओट्यावर निवांत चहा पीत होते. समोर हौश्या. बशी कलंडली.

"वैजू कुठाय?"

"गेली की घरी."

"आणि तुम्ही?"

"दाटी झाली होती, मामा. बघितलं तर रिकामा मीच. टाकलं काढून!"

मग आत वळून म्हणाला, "मामी, भाकरी टाका. तिकडं वैजू आता मस्त फोफावंल!"