उंच जोत्याचं घर

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक कासार आणि त्याची बायको राहत होती. राहत होती म्हणजे लोकांच्या पडव्यांत. पाठीवर बांगड्यांचा पेटारा घेऊन दोघांनी उभा जन्म या बाजारातून त्या बाजारात घालवला. केस पिकले, कासारणीचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा कुठे स्वतःचं घर बांधायचं ठरलं.

कासारणीने साठवलेले पैसे तीन गाडग्यांत वाटले.

"हे भिंतींचं, हे छपराचं," ती म्हणाली. "आणि तिसरं नंतरचं. घर बांधून झालं की त्यात जगायलाही लागतं, अहो. त्याला हात लावायचा नाही."

"नाही लावणार. पण तुला घर कसं हवं, ते तर सांग."

"एक खोली पुरे. आणि दारात बुटका ओटा. येतील त्या बायकांना बसल्या जागी बांगड्या भरेन. आता फिरणं होत नाही माझ्याच्यानं."

काम सुरू झालं. पण त्या गावात माणसाची पत घराच्या जोत्यावरून ठरायची. जितक्या पायऱ्या जास्त, तितका मान मोठा. कासाराचं जोतं वीतभर वर आलं आणि समोरचा तेली बघायला आला.

"कासारबुवा, एवढ्याशा जोत्यावर कोंबड्या पाळायचा विचार आहे वाटतं?"

सगळे हसले. कासारही हसला, पण त्याला जेवण गेलं नाही. जन्मभर तो दुसऱ्यांच्या पायऱ्यांशी बसून बांगड्या विकत आला होता. वरून कुणीतरी खाली बघायचं आणि भाव पाडून मागायचं. एकदा तरी आपणही वरून बघावं, असं त्याच्या मनाने घेतलं.

त्याने गवंड्याला गाठलं. "जोतं वाढव. पुरुषभर कर."

"करतो की. पण दगड लागेल, पायऱ्या लागतील. पैसा आहे ना?"

कासारीण नदीवर गेली होती. कासाराने तिसरं गाडगं आणून गवंड्यापुढे रिकामं केलं.

ती परत आली. गाडग्यात हात घालून बघितला आणि ते भिंतीशी पालथं ठेवलं. भांडली नाही.

"माझ्या गुडघ्यांचं काय करू?" एवढंच तिने विचारलं.

"मी आहे ना. हात धरून चढवीन."

दगडाने छपराचं गाडगंही खाल्लं. भिंती उभ्या राहिल्या, पण वर आभाळच. मग कासाराने पुन्हा पेटारा उचलला आणि एकटाच बाजारांना निघाला. कासारीण पायऱ्यांशी चटयांचं खोपट करून राहिली. छपरापुरते पैसे घेऊन तो परतला, तोवर तिला आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं.

वास्तुशांतीचा दिवस उजाडला. कासाराने तिचा हात धरला. दुसऱ्याच पायरीवर तिचा गुडघा दुमडला. त्याने तिला उचलायला पाहिलं, पण पेटाऱ्याने त्याची पाठ केव्हाच खाल्ली होती. शेवटी तो तेली आणि आणखी तिघे पुढे झाले. तिला खाटेवर बसवून त्यांनी वर नेलं.

पूजा झाली. कासारणीने घर डोळे भरून बघितलं. भिंतींवरून हात फिरवला. दारातून नदी दिसत होती.

"छान झालंय हो," ती म्हणाली. "आता मला खाली न्या. रोज चौघे कुठून आणायचे?"

ती खोपटातच राहिली. बांगड्या भरायला येणाऱ्या बायका पायऱ्या बघून थेट वरच जायच्या; खालच्या खोपटात कासारीण असेल असं कुणाला वाटायचं नाही, आणि दार बंद बघून त्या परत फिरायच्या. थंडी पडली तशी ती अंथरुणाला खिळली. वैद्याला द्यायला गाडग्यात काही नव्हतं. चौघे पुन्हा आले, ते तिला शेवटचं न्यायला.

त्यानंतरही कासार त्या घरात कधी राहायला गेला नाही. तो खोपटातच निजायचा. तेल्याने एकदा हळूच म्हटलं, "कासारबुवा, एवढं घर बांधलंत, वर राहा की."

"वर गेलं की खालचं खोपटच दिसतं रे," कासार म्हणाला.

पुढे गावात कुणी उतारवयात घर बांधायला काढलं की कासाराला दाखवायला आणी. तो दगड बघायचा नाही, लाकूड बघायचा नाही. एकच विचारायचा, "यात राहणारं माणूस चढेल ना?"

तात्पर्य इतकंच: उतारवयातलं घर लोकांच्या नजरेला पुरेल एवढं नको, आपल्या माणसाच्या पायांना झेपेल एवढं असावं, आणि पहिला दगड ठेवण्याआधी नंतरचं गाडगं झाकून ठेवावं.