शाळेच्या टाकीचं शून्य

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करणारी एक विद्यार्थिनी शेवटच्या सत्रात तालुक्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत कामाला लागली. तिथले प्रमुख म्हणजे तिच्याच विद्यापीठातून निवृत्त झालेले एक वृद्ध प्राध्यापक.

गावोगावचं पाणी बाटल्यांतून येई. ती ते प्लेटवर पसरी, चोवीस तास इनक्यूबेटरच्या उबेत ठेवी आणि दुसऱ्या दिवशी जंतूंचे ठिपके मोजी. ठिपके बहुधा नसतच. मग नोंदवहीत शून्य लिहायचं, सही करायची. चार महिने हेच चाललं होतं.

एका सकाळी ती आली आणि पिशवीही न उतरवता खुर्चीत बसली.

"सर, मी बँकेच्या परीक्षेला बसतेय. आत्या रोज विचारते, जंतूंच्या शेतीत पिकतं काय?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, अजून उगवायचंय." ती हसली, पण त्या हसण्यात जीव नव्हता. "औषध कंपनीत जा, डेअरीत जा, हॉस्पिटलात जा, सगळीकडे तेच. प्लेट बघा, शून्य लिहा. एवढ्यासाठी पाच वर्षं शिकायचं?"

नोंदवही ओढून सर वाचू लागले. एका गावच्या शाळेच्या टाकीच्या नोंदीसमोर आजच्या तारखेचं शून्य तिने काल संध्याकाळीच लिहून ठेवलं होतं, सहीसकट. प्लेट अजून इनक्यूबेटरमध्येच होती.

ते उठले. त्या टाकीच्या बाटलीत उरलेलं पाणी त्यांनी पेल्यात ओतलं आणि पेला तोंडाशी नेला.

"सर!" तिने झेप घेऊन त्यांचा हात धरला. पाणी टेबलावर सांडलं. "पिऊ नका. मी प्लेट बघितलीच नाहीये."

"अगं, सही आहे की तुझी."

तिची मान खाली गेली.

"बँकेत खुशाल जा," सर शांतपणे म्हणाले. "कंटाळा येतो, मलाही यायचा. पण माझा हात धरायला तू इथे होतीस. शाळेत प्रत्येक नळापाशी कोण उभं राहणार? आपल्या आधी कुणीतरी पाहिलंय, या भरवशावर पोरं पाणी पितात. तुझी विद्या त्या पाहण्यात आहे. शून्य काय, कुणीही लिहील."

तिने इनक्यूबेटर उघडला. प्लेट उजेडाकडे धरून एकदा पाहिली, तिरपी करून पुन्हा पाहिली. एकही ठिपका नव्हता. जुनं शून्य खोडून तिने शेजारी नवं लिहिलं.

तेवढं एक शून्य लिहायला त्या दिवशी तिला पाव तास लागला.