तेलवटचा न टेकणारा धोंडा

तेलवटच्या खाडीकाठी एका मोडक्या घाण्याचे दगडी उखळ आहे. उखळाशेजारी दोन माणसांनी उचलावा एवढा एक धोंडा असून त्याच्या एका कडेखाली तीन लहान दगड लावलेले दिसतात. धोंडा जमिनीला पूर्ण टेकू द्यायचा नाही, असा गावातील बेने इस्रायल, म्हणजे कोकणी यहुदी, कुटुंबांचा दंडक आहे. पाहुणे आले, की शिमशोनकाका तेलवटकर त्यांना प्रथम इथे आणतात आणि हकीकत सांगतात. साल कोणते, याविषयी एकमत नाही. पेशवाई होती, एवढेच म्हणतात.

त्या काळी शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून या लोकांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्यापाशी धर्मग्रंथ नव्हता. शनिवारी कामाला हात न लावणे, मुलांची सुंता आणि एक छोटी प्रार्थना एवढेच पिढ्यान्‌पिढ्या आठवणीत टिकले होते. हसाजी हा त्यांचा मुकादम. पटकीच्या साथीत त्याची दोन मुले एका आठवड्यात गेली आणि तिसरा, वर्षाचा रहमीम, निळा पडू लागला. तेव्हा हसाजीने शपथ घेतली: हा जगला तर माझ्या उंबऱ्याच्या आत शनिवार कधी मोडणार नाही. रहमीम जगला. शनिवारानेच तो राखला, ही गोष्ट हसाजीच्या हाडामासांत भिनली.

रहमीम अठरा वर्षांचा असताना एका शनिवारी सकाळी शेजारचे वासरू घाण्याच्या खोपीत शिरून दाव्यात गुरफटले. त्याचे हंबरणे रहमीमला ऐकवेना. त्याने दावे सोडवले. वासराने हिसका दिला, घाण्याची फळी कलंडली आणि तिच्यावर दाबासाठी ठेवलेला धोंडा त्याच्या मांड्यांवर बसला. वासरू निसटले.

माणसे धावली. हसाजी खोपीच्या दारात आडवा उभा राहिला.

"तारे निघेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"बाबा, जरासा उचला," रहमीम आतून म्हणाला. "एक कड उचलली तरी पुरे."

शेजारचा धाकू कोळी पहार घेऊन आला. "मी कुठं तुमच्यातला? मी उचलतो."

"माझ्या खोपीत तू उचललंस, तरी ते माझंच काम."

"हसाजीदादा, शनवारचा तुझा देव पन निजतो काय?"

शनिवार मोडला तर देव दिलेले परत घेईल, एवढेच हसाजीला दिसत होते. पोराच्या जिवासाठीच तो दार अडवून होता, असे शिमशोनकाका इथे थांबून सांगतात. मलकाबाईने, रहमीमच्या आईने, पहारीला हात घातला, तेव्हा हसाजीने तिचे मनगट पिरगाळून पहार सोडवली. मग ती मुलाच्या तोंडात पाणी घालत बसली. दुपारपर्यंत रहमीम हाका मारत होता. नंतर त्याने फक्त, वासरू कुठे आहे, असे विचारले.

तीन तारे दिसले, की शनिवार संपतो. संध्याकाळी आभाळ भरून आले. एक तारा दिसला, मग दुसरा. तिसरा ढगाआड होता. "दोन पुरेत," मलकाबाई म्हणाली. हसाजी मान वर करून उभाच राहिला. तिसरा दिसताच त्याने स्वतः पहार घालून धोंडा उचलला. खालचा देह तोवर गार झाला होता.

पुढल्या वर्षी परमुलखातून एक यहुदी शिक्षक गलबताने आला. हसाजीने ही हकीकत त्याला अभिमानाने सांगितली म्हणे.

"जीव वाचवण्यासाठी शनिवार मोडावा, अशी आज्ञाच आहे," शिक्षक म्हणाला.

"कुणाला? मुकादमाला?"

"कुणालाही. मुलाचे नाव काय होते?"

"रहमीम. माझ्या आज्याचं नाव."

"अर्थ ठाऊक आहे?"

"नावाला कसला अर्थ?"

"करुणा. प्रार्थनेत देवाकडे आपण तीच मागतो."

मलकाबाई दारामागे ऐकत होती. ती बाहेर आली आणि नवऱ्याला एवढेच म्हणाली, "आता मी हाक मारीन. तुम्ही उचलायचं."

त्यानंतर गावात मुलगा झाला, की आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी, ती उखळापाशी उभी राहून "रहमीम" अशी हाक मारी. हसाजीला "आलो" म्हणून धावत यावे लागे आणि धोंड्याची कड उचलावी लागे. याखेरीज ती त्याच्याशी कधी बोलली नाही. म्हातारपणी एका संध्याकाळी धोंडा त्याच्या हातून सुटून बोटांवर बसला. "मलका, जरासा उचल," तो म्हणाला. ती आभाळाकडे पाहत राहिली, असे सांगतात. तिने तीन तारे मोजले आणि मग धाकूला बोलावले. हसाजीचा उजवा हात पुन्हा कामाला आला नाही.

आजही तेलवटमध्ये कुणी मुलाचे नाव रहमीम ठेवत नाही. पण प्रत्येक मुलगा आधी रहमीम असतो. सुंतेच्या दिवशी आई ती हाक मारते, बाप धावत येऊन धोंड्याची कड उचलतो, आणि मगच बाळाला स्वतःचे नाव मिळते. तो दिवस शनिवार असला, तरीही. उचलून झाल्यावर ते तीन दगड पुन्हा नीट लावले जातात. धोंड्याखाली एक हात जाईल एवढी जागा राहिली आहे की नाही, हे आई स्वतः हात घालून पाहते.