दुंदुभीखाली झाकलेले गंधर्व

पूर्वी कृतयुगाच्या उतरणीला, मेरूच्या उत्तर अंगाला अजून मनुष्याचं पाऊल लागलं नव्हतं आणि देवदारांच्या शेंड्यांवर सिद्ध-चारण उघडपणे विहार करत होते, त्या काळी देव आणि दैत्य यांच्यात एक घोर युद्ध जुंपलं. कशावरून जुंपलं ते पुढे पुढे दोन्ही बाजूंना धड सांगता येईना. युद्ध लांबलं की असंच होतं. दैत्यराज धूम्रकेश, ताम्राक्ष, मेघासारखा काळा आणि विशाल, अंतरिक्षात उंच चढून देवसेनेवर पर्वतखंडांचा वर्षाव करी, आणि देवांची सुवर्णमय विमानं आपल्या सारथ्यांसकट पतंगांसारखी जळून खाली येत. विमानांची चिंता नव्हती. विश्वकर्मा बसल्या जागी विमानं घडवत होता; घाई झाली की कच्च्या लाकडावर सोन्याचा पत्रा ठोकून मोकळा होत होता. सारथी मात्र विश्वकर्म्याला घडवता येत नाहीत. ते आयांना जन्माला घालावे लागतात.

म्हणून वज्रपाणी पुरंदर इंद्राने हिरण्यद्रोणी नावाच्या खोऱ्यात निरोप धाडला. तिथे गंधर्वांची वस्ती होती. गंधर्वच का, तर त्या काळचं विमान डोळ्यांनी नव्हे, कानांनी हाकलं जाई. त्याच्या उदरात दोन वायू मंत्रबळाने जखडलेले असत, एक डावा, एक उजवा. दोघे एका सुरात गुणगुणत असले तोवर विमान राजहंसासारखं तरंगे. एकाचा सूर तसूभर उतरला की त्या बाजूची रश्मी, म्हणजे लगामाची दोरी, तत्क्षणी सैल सोडावी लागे. ऐकायला क्षणभर चुकलं, तर विमान कलंडलंच. मग ना मंत्र कामाचा, ना पुण्य.

ही विद्या ऊर्ध्वतप नावाच्या ऋषीकडे होती. खोऱ्याच्या वरच्या पठारावर त्याचा आश्रम होता. काय त्याची शोभा सांगावी! नीवाराची शेतं, कमळांनी भरलेली सरोवरं, समिधा वाहणारे सौम्य बटू, निर्भय हरणं. आणि सर्वत्र अशी नितळ शांतता की पान गळलं तरी कळावं. तिथे गायींच्या गळ्यात घंटा बांधत नसत. वेदघोषसुद्धा पठाराच्या पलीकडे जाऊन करत. कारण वर कोणी शिष्य उडत असे, आणि त्याचे प्राण त्याच्या कानांत असत.

इंद्र ऐरावतावरून तिथे आला आणि म्हणाला, "हे मुनिश्रेष्ठा, ही विद्या किती काळाची?"

"बारा वर्षांची, देवेंद्रा."

"एका ऋतूत आटप."

"हे सहस्राक्षा, तुला डोळे हजार आहेत, म्हणून सांगतो. कान डोळ्यांसारखे चटकन उघडत नाहीत."

"धूम्रकेश तुझ्या शिष्यांचे कान उघडेपर्यंत थांबणार आहे का? स्वर्ग राहिला तर आश्रम राहतील, ऋषे."

ऊर्ध्वतपाने मान डोलावली. चुकलं ते तिथेच. ज्ञानी लोक वेळेवर नाही म्हणायला शिकले असते तर पुराणं निम्मीच झाली असती.

त्या खोऱ्यात हेमलेखा नावाची एक विधवा गंधर्वी राहत होती. तिचा एकुलता एक पुत्र चित्रवेग, सुकुमार, दीर्घबाहू, हसला तर घर हलावं असा. त्यालाही बोलावणं आलं. निघताना ती त्याचं उत्तरीय सारखं करत म्हणाली, "वेळेवर खात जा. आणि फार उंच जाऊ नकोस."

"आई, विमान आहे ते. उंच नाही न्यायचं तर काय नांगराला जुंपायचं?"

"जीभ आवर. बाप तुझा असाच होता."

"बाबा वीणा बेसूर वाजवायचे, असं तूच सांगतेस."

"बेसूर होते म्हणून चार दिवस घरात राहिले. सुरेल होते ते सगळे इंद्राने नेले." एवढं बोलून ती हसली. मग वळून तिने चुलीकडे तोंड केलं, ते तो दिसेनासा होईपर्यंत इकडे फिरवलं नाही.

पठारावर शिकवणं सुरू झालं. एका ऋतूत बारा वर्षं कोंबायची म्हणजे जे होतं तेच झालं. पहिल्याच पंधरवड्यात एक कोवळा गंधर्व आकाशातून खाली आला. समोर शत्रू नव्हता, बाण नव्हता, सूर चुकला एवढंच. त्या पडण्याचा नाद दऱ्याखोऱ्यांतून घुमत खाली वस्तीपर्यंत गेला, बायका दारात आल्या, आणि त्यातल्या दोघींनी आपापले पुत्र परत मागितले.

हे इंद्राच्या कानी गेलं. तो बुद्धिमान खराच. त्याने पठाराच्या कडेला महादुंदुभी बसवली आणि आज्ञा केली, "विमान पडू लागलेलं दिसताच ही दुंदुभी बडवा, म्हणजे पडल्याचा नाद खाली जाणार नाही. पडलेल्याचं नाव कोणी उच्चारू नये. कोणी विचारलंच, तर तो विद्याभ्यासात आहे असं सांगावं."

पठाराचा कडा आड, खालच्या लोकांना काय ठाऊक! दुंदुभी तर विजयाची. त्यांनी आपसांत ठरवून टाकलं, की एकेक पोरगा विद्येत उत्तीर्ण होतो तेव्हा ही वाजते. मग काय विचारता. वाजली की घराघरांवर तोरणं चढू लागली.

हेमलेखेची शेजारीण सुरोचना कुंपणावरून ओरडायची, "अगं, आज दोनदा वाजली!"

"त्यातली एक माझ्याची."

"तुझ्याची कालच झाली असेल. पायस केलंस ना?"

"काल केलं ते तूच संपवलंस, मेले. आज परत घालते."

अशी ती दर दुंदुभीला चूल पेटवत होती.

आणि वर काय चाललं होतं ते ऐका. आकाशात एकाच वेळी चार-सहा विमानं असत. एक पडे, दुंदुभी वाजे, आणि त्या गडगडाटात बाकीच्यांना आपल्या वायूंचा सूरच ऐकू येईना. कानांवर चालणारी विद्या, आणि शिकवण्याच्या जागी नगारा! मेलेल्या एकाला झाकायला जिवंत मारू लागले. ऊर्ध्वतप धावत वादकांपाशी गेला. "थांबा! वर मुलं आहेत!" वादक देवसेनेचे. त्यांनी टिपरू खाली ठेवलं नाही. "आज्ञा आहे, महाराज. आमच्या हातात काय आहे?" टिपरू होतं की हातात. पण ते जाऊ द्या.

चित्रवेग असाच गेला. त्याचा हात चांगला बसला होता. ऋषीच्या सगळ्या शिष्यांत तोच खऱ्या अर्थाने ऐकणारा होता. दुसऱ्याच कोणाचं विमान कोसळलं, दुंदुभी सुरू झाली, आणि चित्रवेगाने मान इकडून तिकडे वळवत सूर शोधला, शोधला, आणि तो सापडण्यापूर्वी देवदारांवर आदळला. दुंदुभी वाजतच होती, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी वाजवावी लागली नाही.

थोड्या दिवसांनी हेमलेखा पायसाचं भांडं डोक्यावर घेऊन पठार चढली. इतक्या वेळा वाजली, आता तरी पोराला पाहावं म्हणून. वेशीवर देवांचा रक्षक उभा होता.

"चित्रवेगाला बोलाव. आई आलीय म्हणावं."

"तो विद्याभ्यासात आहे."

"असू दे. घटकाभर बोलाव."

"विद्याभ्यासात असलेल्याला बोलावता येत नाही, माते."

"मग कधी संपतो त्याचा अभ्यास?"

"ते आम्हाला सांगितलेलं नाही."

तेवढ्यात तिच्या डोक्यावरच्या आकाशात एक विमान कलंडलं. तिच्या डोळ्यांदेखत ते अग्निशिखेसारखं खाली आलं, सोन्याचा पत्रा सुटून भिरभिरत गेला, आतलं कच्चं लाकूड पेटलं. आणि तिच्या बाजूलाच, हाताच्या अंतरावर, दुंदुभी गर्जू लागली. तिचीच ती दुंदुभी. जिला तिने तोरणं बांधली होती, जिच्यासाठी दूध आटवलं होतं. हेमलेखेने भांडं खाली ठेवलं. ऊर्ध्वतप समोरून येत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने जमिनीकडे पाहिलं, आणि तिला कळायचं ते कळलं.

पण कळून भागत नव्हतं. मरणाचा साक्षी असल्याखेरीज नाव-गोत्र उच्चारून तर्पण करता येत नाही, असा शास्त्राचा दंडक. परागंदा झालेल्याची बारा वर्षं वाट पाहायची. आणि जो विद्याभ्यासात आहे त्याला तर कधीच पाणी नाही. म्हणजे पोर तहानलेलं तसंच भटकणार, ना इकडचं ना तिकडचं. ती तशीच अनवाणी अमरावतीला गेली आणि सुधर्मा सभेत, जिथे रत्नस्तंभांच्या प्रभेत लोकपाल बसले होते, तिथे उभी राहून म्हणाली:

"हे देवराजा, मला तुझं धन नको, सांत्वन नको. 'चित्रवेग मेला' एवढे दोन शब्द या सभेत बोल. मग मी त्याला पाणी देईन आणि जाईन."

इंद्र मधुर स्वरात म्हणाला, "हे वीरमाते..."

"वीर होता तर मेला म्हण."

"युद्ध ऐन भरात आहे, कल्याणी. आज मी एक नाव घेतलं तर उद्या सर्व माता आपापली नावं मागतील, आणि परवा एकही पुत्र पाठवणार नाहीत. मग स्वर्गाचं रक्षण कोण करील? तू वर माग. अक्षय यौवन घे, रत्नांची खाण घे."

"यौवन घेऊन काय करू? आणखी पोरं काढू तुझ्यासाठी?"

तेव्हा तिच्या मागोमाग आलेला ऊर्ध्वतप पुढे झाला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात बोलला, "मी साक्षी आहे. चित्रवेग मेला. मी पडताना पाहिला. सूर त्याचा चुकला नाही, देवेंद्रा; तुझ्या दुंदुभीने तो गिळला."

हेमलेखा त्याच्याकडे वळली. "इतके दिवस तोंडात काय धरलं होतंस?"

"मी अपराधी आहे. मला शाप दे, माते."

"तुला कशाला? तुला कान आहेत. तेवढं पुरे."

मग तिने इंद्राच्या सिंहासनाजवळचा सुवर्णकलश उचलला. एक देव पुटपुटला, की स्त्रीला हा अधिकार नाही. "याला बाप नाही, भाऊ नाही," ती म्हणाली, "कोण अडवतो ते बघते." कोणी अडवलं नाही. तिने नाव घेतलं, गोत्र घेतलं, आणि सभेच्या रत्नखचित भूमीवर पाणी सोडलं. हातातलं अखेरचं पाणी मुठीत धरून ती गरजली:

"हे पुरंदरा, तू माझ्या पुत्राच्या पडण्याचा नाद चोरलास. तर ऐक! तुझ्या आकाशातून शिकताना जो जो पडेल, त्याच्या पडण्याला यापुढे नादच नसेल. तुझ्या दुंदुभीला झाकायला काही उरणार नाही. पण त्याच्या पडण्याला तेज असेल. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आकाश चिरत तो पडेल, आणि तिन्ही लोकांतली जी आई त्या वेळी वर पाहत असेल, तिला तो दिसेल. तुझे हजार डोळे मिटलेस तरी दिसेल!"

तिने पाणी फेकलं आणि ती चालू लागली.

शाप फळला. तेव्हापासून आकाशातून तेजाची रेघ ओढत काहीतरी पडतं आणि आवाज म्हणून होत नाही. आपण त्याला उल्का म्हणतो. पोरं बोट दाखवतात, मोठी माणसं किती सुंदर म्हणतात. हिरण्यद्रोणीतल्या बायका मात्र ती रेघ दिसली की हातातलं काम टाकून ओंजळभर पाणी सोडतात. नाव ठाऊक नसतं, म्हणून नुसतंच सोडतात.

युद्ध देवांनी जिंकलं. धूम्रकेश मारला गेला, त्यालाही युगं लोटली. इंद्राची पूजा झाली, पुष्पवृष्टी झाली, जे रणात पडले त्यांना वीरलोकात आसनं मिळाली. पण रेघा अजून उमटतात. म्हणजे पठारावर शिकवणं अजून चालू आहे, आणि तेही एकाच ऋतूत.